यजमान शहराची निवड (अमेरिकी कॉलेज बास्केटबॉल)

अमेरिकेतील विद्यापीठांचे क्रीडा संघ ज्या गटांत विभागलेले असतात त्यांना कॉन्फरन्स म्हणतात. बास्केटबॉलचा हंगाम संपताना, साधारण मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात, प्रत्येक कॉन्फरन्स आपली बाद पद्धतीची स्पर्धा भरवते. ही स्पर्धा कोणत्या शहरात आणि कोणाच्या कोर्टवर खेळायची, हा निर्णय वरकरणी व्यवस्थापनाचा वाटतो. प्रत्यक्षात तो न्याय, पैसा आणि मानापमान यांचा प्रश्न आहे. स्पर्धेच्या विजेत्याला एनसीएएच्या (विद्यापीठीय खेळांचे नियमन करणाऱ्या देशव्यापी संघटनेच्या) राष्ट्रीय स्पर्धेत थेट प्रवेश मिळतो. २०११ पासून त्या स्पर्धेत ६८ संघ असतात. मोठ्या कॉन्फरन्समधून सहा-सात संघ निवडले जातात, पण लहान कॉन्फरन्सच्या वाट्याला बहुधा एकच जागा येते. वर्षभर जिंकत आलेला संघ मार्चमधल्या एका रात्री दुसऱ्याच्या अंगणात हरला की त्याचे वर्ष संपते.

एकेकाळी मोठ्यांचीही हीच गत होती. १९५३ मध्ये स्थापन झालेल्या अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समधून (एसीसी) १९७४ पर्यंत फक्त स्पर्धेचा विजेताच राष्ट्रीय स्पर्धेत जात असे. १९७४ च्या अंतिम सामन्यात नॉर्थ कॅरोलायना स्टेटने मेरिलँडला जादा वेळेत १०३–१०० असे हरवले. मेरिलँड तेव्हा देशातल्या सर्वोत्तम संघांत गणला जाई, तरी त्याला घरी बसावे लागले. हा सामना झाला ग्रीन्सबरोला. विजेत्यांच्या रॅलेपासून ते शहर सव्वाशे किलोमीटरवर, तर मेरिलँडच्या कॉलेज पार्कपासून पाचशेच्या घरात. पुढच्याच वर्षी एनसीएएने स्पर्धा ३२ संघांची केली आणि एका कॉन्फरन्समधून एकाहून अधिक संघ घ्यायला सुरुवात केली. त्यामुळे यजमान शहराच्या वादाची धार मोठ्या कॉन्फरन्सपुरती बोथट झाली. लहान कॉन्फरन्समध्ये ती आजही तशीच आहे.

एसीसीची पहिली तेरा वर्षे, १९५४ ते १९६६, स्पर्धा रॅलेच्या रेनॉल्ड्स कॉलिझियममध्ये झाली. हे नॉर्थ कॅरोलायना स्टेटचे घरचेच कोर्ट. पहिली तिन्ही विजेतेपदे त्याच संघाने घेतली, तेव्हा इतरांना जे वाटायचे ते वाटलेच. पण तेरा वर्षांचा हिशेब मांडला तर यजमानांनी पाच वेळा बाजी मारली आणि आठ वेळा पाहुण्यांनी. घरच्या कोर्टचा फायदा खरा असतो, मात्र त्याचा गवगवा बहुतेक वेळा फायद्याहून मोठा असतो. १९६७ मध्ये स्पर्धा ग्रीन्सबरोला गेली. या शहरात एसीसीचे एकही विद्यापीठ नाही, त्यामुळे कागदोपत्री ते तटस्थ. पण ड्यूक, नॉर्थ कॅरोलायना, वेक फॉरेस्ट आणि नॉर्थ कॅरोलायना स्टेट या चौघांचे चाहते सकाळी घरून निघून दुपारच्या सामन्याला पोहोचू शकत. या पट्ट्याला टोबॅको रोड असे टोपणनाव आहे. उरलेल्यांना हॉटेलात राहावे लागे. कोर्ट कोणाच्याच मालकीचे नाही म्हणजे ते सर्वांना सारखे, ही समजूत ग्रीन्सबरोत फोल ठरली.

ग्रीन्सबरोने ही स्पर्धा इतर कोणत्याही शहरापेक्षा अधिक वेळा भरवली आहे आणि त्यावरून सर्वाधिक बोलणीही याच शहराने खाल्ली आहेत. सिराक्यूज विद्यापीठ २०१३ मध्ये बिग ईस्ट ही कॉन्फरन्स सोडून एसीसीत आले. त्यांचे तेव्हाचे प्रशिक्षक जिम बोहाइम यांना बिग ईस्टची स्पर्धा जिथे होते त्या न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डन या स्टेडियमची सवय. २०१७ मध्ये स्पर्धा ब्रुकलिनला असताना, ग्रीन्सबरोत खेळण्यात काडीचा अर्थ नाही, असे ते जाहीरपणे बोलले. त्यावर ग्रीन्सबरो शहराच्या ट्विटर खात्याने त्यांना टोला हाणला : पहिल्याच सामन्यात हरून परतावे लागलेल्या माणसाला कोणती जागा आवडणार? वाद गमतीचा असला तरी त्यामागचा प्रश्न खरा होता. बोहाइम यांना मोठी बाजारपेठ आणि माध्यमांचे लक्ष हवे होते. ग्रीन्सबरोकडे होते ते भरलेले स्टेडियम आणि जुनी निष्ठा. न्याय दोघांच्याही बोलण्यात नव्हता.

विद्यापीठांच्या स्वतःच्या कोर्टवर स्पर्धा भरवण्याचे प्रयोग वारंवार झाले. पॅसिफिक-१० कॉन्फरन्सने १९८७ मध्ये पहिली स्पर्धा यूसीएलएच्या पॉली पॅव्हिलियनमध्ये घेतली, ती यूसीएलएने जिंकली. पुढच्या वर्षी ॲरिझोनाच्या मकेल सेंटरमध्ये घेतली, ती ॲरिझोनाने जिंकली. १९९० नंतर स्पर्धाच बंद पडली आणि २००२ मध्ये लॉस एंजेलिसच्या स्टेपल्स सेंटरमध्ये पुन्हा सुरू झाली. वेस्ट कोस्ट कॉन्फरन्सचा अनुभव अधिक बोलका आहे. २००८ मध्ये स्पर्धा सॅन डिएगो विद्यापीठाच्या जेनी क्रेग पॅव्हिलियनमध्ये झाली आणि सॅन डिएगोने कॉन्फरन्समधल्या बलाढ्य गोन्झागाला अंतिम सामन्यात हरवले. २००९ पासून ही स्पर्धा लास वेगासच्या ऑर्लीन्स अरीनात भरते. गंमत म्हणजे, घरच्या कोर्टमुळेच जिंकले असे ज्यांच्याबद्दल म्हणता आले असते त्या सॅन डिएगोने पुढच्या आठवड्यात हजारो किलोमीटर दूर, फ्लोरिडातल्या टँपा येथे, बलाढ्य कनेटिकटलाही घरी पाठवले.

आयव्ही लीगने स्पर्धा भरवायला सुरुवातच केली २०१७ मध्ये, आणि तीही फिलाडेल्फियाच्या पॅलेस्ट्रात. हे पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाचे, म्हणजे 'पेन'चे घरचे कोर्ट. नियमित हंगामात प्रिन्स्टनने लीगमधले १४ पैकी १४ सामने जिंकले होते. उपांत्य फेरीत त्यांची गाठ पडली ती चौथ्या मानांकनाच्या, पण यजमान असलेल्या पेनशी. अपराजित अव्वल संघ पाहुणा आणि चौथा संघ यजमान! प्रिन्स्टन जादा वेळेत कसाबसा सुटला आणि पुढे विजेताही ठरला, म्हणून वाद चिघळला नाही. पुढच्या वर्षी त्याच कोर्टवर पेन जिंकले. त्यानंतर लीगने पाळी लावली : येल, हार्वर्ड, प्रिन्स्टन, कोलंबिया, ब्राउन अशी स्पर्धा एकेका सदस्याकडे फिरते. एखाद्या वर्षी अन्याय होतो, पण तो वाटून होतो. आठच सदस्य असलेल्या लीगला हे परवडते. अठरा सदस्यांच्या कॉन्फरन्समध्ये पाळी परत यायला एक पिढी उलटेल.

तटस्थतेच्या कसोटीवर सर्वांत सरस उदाहरण मिझुरी व्हॅली कॉन्फरन्सचे म्हणावे लागेल. १९९१ पासून तिची स्पर्धा सेंट लुईस येथे होते. शहरातले सेंट लुईस विद्यापीठ १९७४ मध्येच या कॉन्फरन्समधून बाहेर पडले, त्यामुळे घरचा संघ नाही. पण ब्रॅडली, इलिनॉय स्टेट, सदर्न इलिनॉय या जुन्या सदस्यांचे चाहते गाडीने येऊ शकतात. शहर कोणाचेही नसावे आणि तरी कोणालाच फार दूर नसावे, या दोन अटी एकत्र क्वचितच जुळतात.

बिग १२ कॉन्फरन्सची गोष्ट उलटी. ही स्पर्धा १९९७ मध्ये कॅन्सस सिटीत सुरू झाली, मध्ये डॅलस आणि ओक्लाहोमा सिटीला जाऊन आली आणि २०१० पासून कॅन्सस सिटीतच स्थिरावली. कॅन्सस विद्यापीठाचे लॉरेन्स तिथून तासाभराच्याही आत. तक्रारीला इतके सोपे लक्ष्य दुसरे नाही. पण याच काळात, २०१४ ते २०२४ दरम्यान, आयोवा स्टेटने तिथे पाच विजेतेपदे मिळवली. त्यांचे एम्स गाव साडेतीन तासांवर असूनही त्यांचे चाहते एवढ्या संख्येने उतरतात की त्या स्टेडियमला गमतीने 'हिल्टन साउथ' म्हटले जाते. हिल्टन कॉलिझियम हे एम्समधले त्यांचे घरचे कोर्ट. साउथईस्टर्न कॉन्फरन्सची स्पर्धा अटलांटात असे तेव्हा केंटकीचे चाहते त्या शहराला 'कॅटलांटा' करून टाकत. म्हणजे शहर कोणते यापेक्षा तिकिटे कोणाच्या हाती पडतात, हे अधिक निर्णायक.

आयोजक विद्यापीठांना तिकिटांचा वाटा नेमून देतात खरे, पण तो वाटा पहिल्या दिवसापुरता. गुरुवारी हरलेल्या संघाचे चाहते बाहेर पडताना उरलेल्या दिवसांची तिकिटे विकायला काढतात आणि ती घेतात जिंकलेल्या, जवळच राहणाऱ्या संघांचे लोक. शनिवारी स्टेडियमचा रंग बदललेला असतो. याला उतारा एकच, आणि तोही प्रेक्षकच देतात : आपला संघ बाहेर पडला तरी थांबलेले लोक बहुधा दुबळ्या संघाच्या बाजूने ओरडतात. ग्रीन्सबरोत ड्यूकला हा अनुभव अनेकदा आला आहे.

मॅडिसन स्क्वेअर गार्डनला मात्र सगळे नियम माफ आहेत. बिग ईस्टची स्पर्धा प्रॉव्हिडन्स (१९८०), सिराक्यूज (१९८१) आणि हार्टफर्ड (१९८२) असा फेरा करून १९८३ मध्ये तिथे आली ती कायमचीच. सेंट जॉन्स विद्यापीठ आपले बरेच घरचे सामने तिथेच खेळते आणि १९८३ मध्ये विजेतेही तेच ठरले. तरीही कुरकुर फारशी ऐकू येत नाही, कारण गार्डनमध्ये खेळायला मिळणे हेच प्रत्येक संघाला बक्षीस वाटते. २०१८ मध्ये बिग टेन कॉन्फरन्सनेही तिथे स्पर्धा भरवली, पण नेहमीचा आठवडा बिग ईस्टकडे असल्याने ती आठवडाभर आधी उरकावी लागली आणि राष्ट्रीय स्पर्धेपूर्वी संघ रिकामे बसले.

निवडीची रीत साधारण ठरलेली आहे. कॉन्फरन्स प्रस्ताव मागवते. शहराचे क्रीडा मंडळ, पर्यटन विभाग आणि स्टेडियम मिळून बोली लावतात. मोठ्या कॉन्फरन्सना सतरा-अठरा हजार आसने, चार-पाच सलग मोकळे दिवस, प्रत्येक संघासाठी वेगळे हॉटेल आणि सरावाची कोर्ट लागतात. त्यामुळे खेळाडूंना सोयीचे मध्यम शहर मागे पडते आणि मोठे शहर पुढे येते. बिग टेनने २०१७ ची स्पर्धा वॉशिंग्टनला नेली, ती मेरिलँड आणि रटगर्स या नव्या पूर्वेकडच्या सदस्यांसाठी. निघताना मिशिगन संघाचे विमान उड्डाण रद्द करताना धावपट्टीवरून घसरले. कोणाला गंभीर दुखापत झाली नाही. संघ सामन्याच्या दिवशी सकाळी पोहोचला, गणवेश विमानातच अडकल्याने सरावाच्या जर्सीत खेळला आणि आठव्या मानांकनावरून चार दिवसांत चार सामने जिंकून विजेता ठरला. ज्यांच्या सोयीसाठी वॉशिंग्टन निवडले ते मेरिलँड पहिल्याच सामन्यात बाहेर पडले.

प्रस्तुत लेखकाच्या मते शहरापेक्षा स्पर्धेची रचना अधिक परिणाम करते. वरच्या मानांकनाच्या संघांना सुरुवातीच्या फेऱ्यांतून सूट मिळते, खालच्यांना पाच दिवसांत पाच सामने खेळावे लागतात. तरी २०११ मध्ये कनेटिकटने आणि २०२४ मध्ये नॉर्थ कॅरोलायना स्टेटने तसे करून दाखवले. अमेरिका ईस्ट, पॅट्रियट लीग यांसारख्या लहान कॉन्फरन्स शहर निवडतच नाहीत. ज्याचे मानांकन वरचे त्याच्या कोर्टवर सामना. घरचा फायदा इथेही असतो, पण तो हंगामभर कमावलेला असतो आणि स्टेडियमही भरते. पैशाचे गणित सोडले तर याहून न्याय्य पद्धत सापडत नाही.

कधी कधी निर्णय कॉन्फरन्सच्या हातातच राहत नाही. नॉर्थ कॅरोलायना राज्याने २०१६ मध्ये ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या स्वच्छतागृह-वापरावर निर्बंध घालणारा एचबी २ कायदा केला. एसीसीने तटस्थ मैदानांवरील आपल्या स्पर्धा राज्याबाहेर नेल्या आणि २०१७ ची महिलांची स्पर्धा ग्रीन्सबरोऐवजी साउथ कॅरोलायनातल्या कॉन्वे येथे झाली. १४ मार्च २००८ च्या रात्री अटलांटाच्या जॉर्जिया डोम या स्टेडियमला टॉर्नेडोचा (भोवऱ्यासारख्या वावटळीचा) तडाखा बसला तेव्हा आत साउथईस्टर्न कॉन्फरन्सचा सामना जादा वेळेत चालू होता. उरलेली स्पर्धा जॉर्जिया टेकच्या छोट्या कोर्टवर, सर्वसाधारण तिकीटधारकांना बाहेर ठेवून उरकली. जॉर्जिया विद्यापीठाने एकाच दिवशी दोन सामने जिंकले आणि दुसऱ्या दिवशी, जॉर्जिया टेक या आपल्या कट्टर प्रतिस्पर्ध्याच्या कोर्टवर, विजेतेपद.

आता 'मध्यवर्ती' या कसोटीचाच पाया ढासळला आहे. २०२४ मध्ये कॅलिफोर्निया, स्टॅनफर्ड आणि सदर्न मेथडिस्ट ही विद्यापीठे एसीसीत आली. २०२५ ची स्पर्धा शार्लटला झाली. बर्कलीहून ते अंतर सुमारे ३,७०० किलोमीटर आहे आणि तिथल्या दुपारी बाराच्या सामन्याला पश्चिम किनाऱ्यावर सकाळचे नऊ वाजलेले असतात. त्या वर्षी कॉन्फरन्सने १८ पैकी १५ संघांनाच स्पर्धेत घेतले.