फ्यूक्स, व्हिक्टर रॉबर्ट

(३१ जानेवारी १९२४ – १६ सप्टेंबर २०२३). अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ व आरोग्य अर्थशास्त्र या शाखेच्या प्रवर्तकांपैकी एक. जन्म न्यूयॉर्क शहरातील ब्राँक्स विभागात. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी अमेरिकन सैन्याच्या हवाई दलात सेवा केली. १९४७ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठाची पदवी घेतल्यावर काही वर्षे ते लोकरी कातड्यांच्या, म्हणजे फरच्या, आंतरराष्ट्रीय व्यापारात दलाल म्हणून काम करीत होते. तेथून ते अर्थशास्त्राकडे वळले आणि कोलंबिया विद्यापीठातून त्यांनी एम.ए. (१९५१) व पीएच.डी. (१९५५) या पदव्या मिळविल्या. त्यांचा पहिला ग्रंथही फर उद्योगाच्या अर्थकारणावरच आहे (१९५७). पुढे वैद्यकाच्या अर्थकारणासाठी नावाजलेल्या या अभ्यासकाने सुरुवात कातड्यांच्या बाजारापासून केली, ही गोष्ट चरित्रकार बहुधा ओझरती नोंदवतात. मात्र एखाद्या व्यवसायात प्रत्यक्ष कोण काय करतो आणि त्याचे पैसे कोणाकडून येतात, हे जवळून पाहण्याची त्यांची सवय त्या काळातली असावी, असे त्यांच्या नंतरच्या लेखनावरून वाटते.

कोलंबिया व न्यूयॉर्क विद्यापीठांत अध्यापन केल्यानंतर १९६० ते १९६२ या काळात ते फोर्ड प्रतिष्ठानात कार्यक्रम अधिकारी होते. १९६२ पासून त्यांचा नॅशनल ब्यूरो ऑफ इकॉनॉमिक रिसर्च या संशोधन संस्थेशी संबंध आला आणि तो अखेरपर्यंत टिकला. तेथील सेवाक्षेत्राच्या प्रकल्पातून त्यांचा १९६८ चा ग्रंथ तयार झाला. अन्न, वस्त्र, घरे, मोटारी यांसारख्या दृश्य वस्तूंच्या उत्पादनात निम्म्याहून कमी कामकरी लोक गुंतलेले आहेत, असे अमेरिका हे जगातील पहिले राष्ट्र ठरले आहे, हे त्याचे मुख्य प्रतिपादन. सेवाक्षेत्रात उत्पादकता मोजायची कशी, या प्रश्नाशी झगडतानाच ते वैद्यकीय सेवांकडे ओढले गेले. केशकर्तनाचे उत्पादन मोजता येते. डॉक्टरच्या भेटीचे उत्पादन ‘भेट’ हे मानायचे की ‘बरे होणे’ हे मानायचे, हा पेच मात्र सुटत नाही. आरोग्य आणि आरोग्यसेवा या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि दुसरीत थोडी भर घातल्याने पहिलीत किती भर पडते हे वेगळे तपासले पाहिजे, ही भूमिका त्यांच्या १९६६ च्या लेखात दिसते आणि पुढे त्यांच्या सर्व कामाचा पाया ठरते. १९७४ मध्ये ते स्टॅनफर्ड विद्यापीठात आले. अर्थशास्त्र विभाग आणि वैद्यकीय महाविद्यालय या दोन्ही ठिकाणी त्यांची नेमणूक होती.

शाखेच्या प्रारंभाविषयीचा वाद : आरोग्य अर्थशास्त्राचा जन्म १९६३ मध्ये झाला, असे म्हणण्याचा प्रघात आहे. त्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांचा वैद्यकीय सेवेतील अनिश्चितता व कल्याणकारी अर्थशास्त्र यांवरील निबंध अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आजार केव्हा येईल हे ठाऊक नसते आणि उपचाराचा गुण येईल की नाही हेही ठाऊक नसते. शिवाय याबाबत डॉक्टरची माहिती रुग्णापेक्षा फार अधिक असते. त्यामुळे हा बाजार इतर बाजारांसारखा चालत नाही, असे ॲरो यांनी दाखविले. तोवर ॲरो यांनी वैद्यकावर काही लिहिले नव्हते. फोर्ड प्रतिष्ठानात असताना फ्यूक्स यांनीच त्यांना हा विषय सुचवून निबंध लिहविला. शुद्ध सिद्धांतकाराला आरोग्यासारख्या व्यावहारिक क्षेत्राकडे वळवावे, ही ती योजना होती. म्हणजे ज्या निबंधाला शाखेचा जन्मदाखला मानतात, त्याच्या मागेही फ्यूक्स होते.

दुसरे मत असे की ही शाखा याहून जुनी आहे. काही लेखक तिचे मूळ सतराव्या शतकातील इंग्रज अर्थशास्त्रज्ञ विल्यम पेटीपर्यंत नेतात. मनुष्याच्या जिवाचे पैशातले मूल्य काढून प्लेगच्या काळात लोकांना शहराबाहेर हलविणे राज्याला परवडते, असा त्याचा हिशोब होता. अमेरिकेत वैद्यकीय खर्चाविषयीच्या समितीने १९२७ ते १९३२ या काळात विपुल पाहणी केली. मिल्टन फ्रिडमन व सायमन कुझनेट्स यांनी १९४५ मध्ये डॉक्टरांसह स्वतंत्र व्यावसायिकांच्या उत्पन्नाचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि सेल्मा मश्किन यांनी १९५८ मध्ये या विषयाची व्याख्या करण्याचा प्रयत्न केला. पेटीपर्यंत जाणे हे बरेचसे कौतुकापोटी घडते, कारण त्याच्यापासून विसाव्या शतकापर्यंत अखंड परंपरा दाखविता येत नाही. मश्किन यांच्या लेखाचा मात्र योग्य तेवढा उल्लेख होत नाही. विषयाला नाव व सीमा त्यांनी दिल्या, ॲरो यांनी त्याला सिद्धांत दिला आणि संस्था, विद्यार्थी व आकडेवारी फ्यूक्स यांनी जमविली, असे मानणे अधिक समतोल वाटते.

नेव्हाडा व युटा : फ्यूक्स यांचे नाव सर्वसामान्य वाचकांपर्यंत पोहोचले ते १९७४ च्या ‘हू शॅल लिव्ह?’ या पुस्तकामुळे. साधने नेहमीच अपुरी असतात, म्हणून निवड अटळ आहे, आणि ही निवड पैशाची जितकी तितकीच मूल्यांची असते, हा त्याचा आशय. डॉक्टरला ते चमूचा कप्तान म्हणतात. खर्चातील डॉक्टरच्या मानधनाचा वाटा मर्यादित असला, तरी कोणाला दाखल करायचे, कोणते औषध व कोणती तपासणी करायची, हे तोच ठरवितो. पुस्तकातील सर्वांत लक्षात राहणारा भाग दोन शेजारी राज्यांविषयी आहे. नेव्हाडा व युटा या राज्यांत उत्पन्न, शिक्षण, हवामान, लोकसंख्येच्या मानाने डॉक्टर व रुग्णालयातील खाटा यांत फारसा फरक नव्हता. उत्पन्नात तर नेव्हाडा पुढेच होते. तरीही नेव्हाडातील बालमृत्यूचे प्रमाण सुमारे ४० टक्के अधिक होते आणि प्रौढ वयातील मृत्यूंतही मोठी तफावत होती. युटात मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या लोकांची बहुसंख्या होती आणि त्यांना तंबाखू व मद्य वर्ज्य आहे. तेथील कुटुंबे स्थिर असून लोक बहुधा जन्मगावाजवळच राहत. नेव्हाडात याउलट स्थिती होती. यकृताचा काठिण्यविकार व फुप्फुसाचा कर्करोग यांच्या मृत्युदरांत अंतर विशेष होते. त्यावरून ते मद्य व तंबाखू यांच्याशी निगडित असल्याचे फ्यूक्स यांनी दाखविले. दोनच राज्यांच्या तुलनेवर इतका भार टाकता येतो का, ही शंका रास्त आहे. राहणीमानाला दिलेले महत्त्व गरिबीकडे दुर्लक्ष करण्यास निमित्त ठरेल, अशी टीकाही झाली. फ्यूक्स यांचा दावा मात्र मर्यादित होता. विकसित देशात आणखी डॉक्टर व आणखी खाटा वाढवून मृत्युदरात फार फरक पडत नाही, एवढेच त्यांना म्हणायचे होते.

शल्यचिकित्सक व शस्त्रक्रिया : त्यांचे सर्वाधिक चर्चिले गेलेले व सर्वाधिक वादग्रस्त संशोधन १९७८ मधील आहे. डॉक्टर आपल्या सेवेची मागणी स्वतःच निर्माण करतो का, हा त्याचा विषय. या कल्पनेचे पूर्वरूप रुग्णालयांविषयी होते. मॅक्स शेन व मिल्टन रोमर यांनी १९५९ मध्ये दाखविले की जेथे खाटा अधिक, तेथे रुग्णालयातील वास्तव्यही अधिक. पुढे हे ‘बांधलेली खाट ही भरलेली खाट’ या सूत्ररूपात रूढ झाले. ‘पुरवठादार-प्रेरित मागणी’ ही संज्ञा सामान्यतः कॅनडाचे रॉबर्ट एव्हान्स यांच्या १९७४ च्या निबंधाकडे नेली जाते.

येथे अडचण अशी की एखाद्या भागात सर्जन अधिक आणि शस्त्रक्रियाही अधिक आढळल्या, तर त्याचे दोन अर्थ होतात. सर्जननी शस्त्रक्रिया वाढविल्या असतील, किंवा जेथे रुग्ण अधिक तेथे सर्जन जाऊन स्थायिक झाले असतील. ही गाठ सोडविण्यासाठी फ्यूक्स यांनी द्विस्तरीय न्यूनतम वर्ग ही सांख्यिकीय पद्धती वापरली. राष्ट्रीय आरोग्य मुलाखत सर्वेक्षणाची १९६३ व १९७० ची सामग्री त्यांनी घेतली. सर्जन कोठे राहणे पसंत करतील याचा अंदाज अशा घटकांवरून बांधायचा, की ज्यांचा शस्त्रक्रियेच्या गरजेशी थेट संबंध नाही, हे या पद्धतीचे तत्त्व. त्या भागातील हॉटेलांची दरडोई उलाढाल हा असाच एक घटक होता. जागा रमणीय असेल तर हॉटेले चालतात आणि सर्जनही तेथे राहायला येतात, असा तर्क त्यामागे होता. निष्कर्ष असा निघाला की इतर गोष्टी समान असता सर्जनचे लोकसंख्येशी प्रमाण १० टक्क्यांनी वाढल्यास दरडोई शस्त्रक्रिया सुमारे ३ टक्क्यांनी वाढतात. पुरवठा वाढल्यावर शुल्क घटावयास हवे, पण ते वाढतानाच दिसले.

या निष्कर्षावरील आक्षेप मुख्यतः पद्धतीविषयी आहेत. मागणी व पुरवठा यांची समीकरणे अशा सामग्रीतून वेगळी ओळखता येतात का, याविषयी १९८१ मध्ये ऑस्टर व ओअहाका यांनी शंका घेतली. सर्वांत मार्मिक आक्षेप डेव्हिड ड्रॅनोव्ह व पॉल वेनर यांचा आहे (१९९४). त्यांनी फ्यूक्स यांच्याच धर्तीची पद्धत बाळंतपणांना लावली. प्रसूतितज्ज्ञ गर्भधारणेला प्रवृत्त करीत नाहीत, हे उघड आहे, म्हणून येथे उत्तर शून्य यावयास हवे होते. प्रत्यक्षात प्रसूतितज्ज्ञांची संख्या वाढली की जन्मही ‘वाढतात’ असे आकड्यांतून निघाले. अर्थात दोष पद्धतीत होता. रुग्ण उपचारासाठी दुसऱ्या भागात जातात, आणि सर्जनला आवडणाऱ्या जागा इतर कारणांनीही वेगळ्या असतात. योगायोग असा की प्रेरित मागणीचा अधिक विश्वसनीय पुरावा पुढे प्रसूतिशास्त्रातूनच मिळाला. अमेरिकेतील जननदर घटल्याने उत्पन्न कमी झालेले तज्ज्ञ सिझेरियन शस्त्रक्रियेकडे अधिक झुकले, असे जोनाथन ग्रुबर व मारिया ओविंग्ज यांनी १९९६ मध्ये दाखविले. मात्र हा परिणाम बेताचाच होता. प्रेरित मागणी घडते, पण १९७८ च्या आकड्यावर तिचे माप ठरवू नये, हे मत आज ग्राह्य वाटते.

कालप्राधान्य : शिक्षण अधिक त्यांचे आरोग्य चांगले, हा संबंध सर्वमान्य असला तरी त्याच्या कारणाबद्दल मतभेद आहेत. शिक्षणामुळे माणूस आरोग्य अधिक कुशलतेने ‘निर्माण’ करतो, असे मायकेल ग्रॉसमन यांच्या १९७२ च्या प्रतिमानाचे म्हणणे. फ्यूक्स यांनी कालप्राधान्याची, म्हणजे आजच्या व उद्याच्या सुखाला किती वजन द्यायचे याची, वेगळी शक्यता मांडली. आजचे सुख उद्यासाठी पुढे ढकलण्याची वृत्ती ज्याच्यात आहे, तो शिकतोही अधिक आणि धूम्रपानही टाळतो. हे तपासण्यासाठी त्यांनी दूरध्वनीवरून लोकांना विचारले, की ठरावीक रक्कम आत्ता घ्याल की तिच्याहून बरीच मोठी रक्कम काही वर्षांनी. १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत अपेक्षित दिशेचा, पण क्षीण संबंध आढळला. स्वतः फ्यूक्स यांनीही या अभ्यासाला प्राथमिक स्वरूपाचाच म्हटले आहे.

धोरणविषयक भूमिका : वैद्यकीय खर्च वाढण्याचे प्रमुख कारण तंत्रज्ञान आहे, असे ते सातत्याने सांगत. शिकलेले सारे काही रुग्णावर वापरून पाहण्याच्या डॉक्टरच्या ओढीला १९६८ मध्येच त्यांनी ‘तंत्रज्ञानाची निकड’ म्हटले होते. १९९५ मध्ये ते अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनचे अध्यक्ष होते. अध्यक्षीय भाषणासाठी त्यांनी आरोग्य अर्थशास्त्रज्ञ, सिद्धांतकार व डॉक्टर यांना २० प्रश्न विचारले. त्यांतील ७ वस्तुस्थितीविषयी आणि १३ धोरण व मूल्ये यांविषयी होते. आरोग्य अर्थशास्त्रज्ञांचे वस्तुस्थितीबाबत बरेच एकमत होते, धोरणाबाबत ते फुटत होते. क्लिंटन प्रशासनाची आरोग्यसुधारणा नुकतीच बारगळली होती. त्या पार्श्वभूमीवर या पाहणीतून त्यांनी असे सुचविले की अर्थशास्त्रज्ञांचे मतभेद पुराव्यांपेक्षा मूल्यांतून येतात, आणि ते उघड सांगितलेले बरे.

ते स्वतः सर्वांसाठी विम्याचे समर्थक होते, पण नोकरीशी जोडलेल्या विम्याचे नव्हे. नियोक्ता विम्याचा हप्ता भरतो हा भ्रम असून तो भार अखेर कामगाराच्या वेतनातूनच वसूल होतो, हे त्यांनी वारंवार लिहिले. इझिकिएल इमॅन्युएल यांच्यासह त्यांनी २००५ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या नियतकालिकात योजना मांडली : प्रत्येकाला ठरावीक लाभांच्या विम्यासाठी हमीपत्र (व्हाउचर) द्यावे आणि त्याचा खर्च केवळ याच कामासाठी राखलेल्या मूल्यवर्धित करातून भागवावा. २०१० च्या अमेरिकन आरोग्यविमा कायद्याने हा मार्ग घेतला नाही. त्यात नियोक्त्यामार्फतचा विमा कायम राहिला. निवृत्तीनंतरही फ्यूक्स लिहीत राहिले आणि त्यांच्या निवडक लेखांचा संग्रह २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला.