काठीचा ढोल आणि मोबाईलचा स्पीकर

नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा तालुक्यात काठी गावच्या होळीला ज्याने ढोल समोर ऐकला आहे, त्याला त्याचंच मोबाईलवरचं रेकॉर्डिंग पोकळ वाटतं, आणि ते खरंच पोकळ असतं. मोठ्या ढोलाचा घुमारा १०० हर्ट्‌झच्या आसपास किंवा त्याखाली असतो. मोबाईलच्या इवल्याशा स्पीकरला तो पेलत नाही. उरते फक्त ढोलावर पडणाऱ्या टिपरूची टकटक.

ही गळती पहिल्या तबकड्यांपासूनची. १९०२ साली कलकत्त्यात गायिका गौहर जान यांचं गाणं मुद्रित झालं तेव्हा मायक्रोफोन नव्हता. कलाकार भोंग्यात तोंड घालून गायचा आणि त्याच्या आवाजाच्या जोरावरच सुई मेणात खाच पाडायची. जोराची थाप पडली की सुई उसळायची, म्हणून चर्मवाद्यं मागे बसवत. तानपुरा तर जवळपास हरवूनच जाई. १९२५ पासून विजेवरचं मुद्रण आलं आणि खर्ज व वरचे स्वर दोन्ही उलगडले.

तबल्याचा दायाँ मात्र छोट्या स्पीकरवरही ओळखू येतो. शाईमुळे, म्हणजे कातड्यावरच्या काळ्या गोल लेपामुळे, त्याचे उपस्वर (मूळ स्वरासोबत उमटणारे वरचे स्वर) मूळ स्वराच्या जवळपास पूर्ण पटीत बसतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये मांडलं. असे उपस्वर ऐकू आले की बुडालेला मूळ स्वर कान स्वतः भरून काढतो. डफाला शाई नसते. साध्या ताणलेल्या कातड्याचा पहिला उपस्वर सुमारे १.५९ पटीवर पडतो, त्यामुळे कानाला धरायला काही सापडत नाही. म्हणूनच वहीगायनाची, म्हणजे खानदेशातल्या डफावरच्या लोकगायनाची, ध्वनिफीत ऐकताना, डफ जवळून ऐकलेला माणूस आठवणीतला घुमारा त्यात घालतो. बाकीच्यांना नुसता खडखडाट ऐकू येतो.

कॅसेटच्या काळात दुसरीच खोट आली. प्लेअर सहा टक्के जोरात फिरला की काळी दोन पट्टीतलं गाणं अर्धा स्वर चढून पांढरी तीनमध्ये जातं आणि लयही वाढते. मूळ पट्टी माहीत असेल तर शेजारी पेटी ठेवून सूर जुळवला की हे लगेच पकडता येतं.

आजच्या बऱ्याच अहिराणी गाण्यांत संबळ ऑक्टोपॅडवरचा, म्हणजे भरून ठेवलेले आवाज वाजवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पॅडवरचा, असतो. तो ओळखायला चार सलग ठोके ऐकावेत. खऱ्या संबळावर काठी दर वेळी थोडी वेगळ्या जागी पडते आणि आधीच्या ठोक्याचा नाद अजून विरलेला नसतो. पॅडवर, साधा एकच नमुना भरलेला असेल तर, आवाज कमीजास्त झाला तरी चारही ठोक्यांचा नाद सारखाच येतो.