पेशी मरण्याआधी सांधे सुटतात: अल्झायमरच्या संशोधनाची पार्श्वभूमी

नोव्हेंबर १९०१. फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात ५१ वर्षांच्या ऑगुस्ट डेटर जेवायला बसल्या होत्या. ताटात डुकराचं मटण आणि फ्लॉवर. काय खाताय, असं डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी विचारलं, तर उत्तर आलं, ‘पालक’. आडनाव विचारलं, तर पुन्हा ‘ऑगुस्ट’च.

१९०६ मध्ये त्या वारल्या. अल्झायमर यांनी त्यांच्या मेंदूचे पातळ काप चांदीच्या क्षारांनी रंगवले आणि त्यांना पेशींबाहेर साचलेले प्लाक, म्हणजे प्रथिनांचे थर, व पेशींच्या आत धाग्यांचा गुंता दिसला. पुढची कित्येक दशकं, त्यांच्याच नावाने ओळखला जाणारा हा विस्मरणाचा आजार म्हणजे हेच दोन डाग, असं समीकरण होऊन बसलं. तेही तुलनेने तरुण रुग्णांपुरतंच, म्हाताऱ्यांचं विसरणं वयाच्या खाती जमा. आपल्याकडे तर ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून आजही कितीतरी आजी-आजोबांना डॉक्टरकडे नेलंच जात नाही, याचं फार वाईट वाटतं.

पण त्या रंगात सिनॅप्स, म्हणजे दोन चेतापेशींमधला सांधा, दिसत नव्हता. तिथली फट जेमतेम २० नॅनोमीटरची. आठवणीचा या सांध्याशी काय संबंध, हे १९७३ मध्ये पुढे आलं. टिम ब्लिस आणि टेर्ये लोमो या संशोधकांनी ओस्लोत सशाच्या हिप्पोकॅम्पसमधल्या, म्हणजे मेंदूच्या आठवणींशी निगडित भागातल्या, चेतातंतूंना विजेचे झटपट झटके दिले, तेव्हा तिथले सांधे कित्येक तास बळकट राहिले. मग १९९०-९१ मध्ये अमेरिकेत डिकॉस्की व शेफ आणि रॉबर्ट टेरी यांच्या गटांनी सिनॅप्स मोजले. रुग्णाची बुद्धी किती ढासळली याचा मेळ प्लाकच्या संख्येपेक्षा हरवलेल्या सिनॅप्सशी कितीतरी चांगला बसत होता. माझ्या मते या इतिहासातलं खरं वळण हेच.

सांधे सोडवतं कोण? संशय ॲमिलॉइड बीटाच्या, म्हणजे प्लाक ज्याचे बनतात त्या प्रथिनाच्या, विरघळणाऱ्या लहान पुंजक्यांवर गेला. २००८ मध्ये रुग्णांच्या मेंदूतून काढलेले असे पुंजके उंदरांच्या मेंदूच्या कापांवर सोडले, तर विजेचे झटके देऊनही सांधे बळकट होईनात. प्लाकचा गाभा जसाच्या तसा टाकला, तर काही बिघडलं नाही. तोच विरघळवून आतले पुंजके सुटे केले, की बिघाड सुरू. याच पुंजक्यांवरचा २००६ चा एक गाजलेला शोधनिबंध चित्रांतल्या फेरफारामुळे २०२४ मध्ये मागे घेतला गेला. त्याने विश्वासाला तडा गेला हे खरं, पण सिनॅप्सचा पुरावा त्या एका निबंधावर उभा नव्हता.

२०१६ मध्ये अमेरिकेतल्या संशोधक बेथ स्टीव्हन्स यांच्या गटाने आणखी एक दुवा जोडला. बाळाच्या वाढत्या मेंदूत मायक्रोग्लिया, म्हणजे मेंदूतल्या रोगप्रतिकारक पेशी, जादा सिनॅप्स खाऊन छाटणी करतात. अल्झायमरसारखा आजार घडवलेल्या उंदरांत प्लाक साचण्याआधीच ही छाटणी पुन्हा सुरू झालेली दिसली. सिनॅप्सवर खूण करणारं सी१क्यू हे प्रथिन रोखल्यावर कितीतरी सांधे वाचले.