दूध पचत नाही की दुधाची ॲलर्जी आहे?

इंदूरच्या सराफा बाजारात रात्री भरणाऱ्या खाऊगल्लीत मंडळी शिकंजी मागवतात (इथली शिकंजी लिंबाची नसते, आटवलेल्या दुधाची, सुकामेवा घातलेली असते), तेव्हा कुणीतरी हमखास म्हणतं, “मला नको, दुधाची ॲलर्जी आहे.” आणि जरा पुढे गेल्यावर तीच व्यक्ती दहीवडा मिटक्या मारत खाते. अशा माणसाला बहुधा ॲलर्जी नसते, दूध पचत नसतं.

न पचण्यामागे असते दुधातली साखर, लॅक्टोज. २५० मिली दुधात ती साधारण १२ ग्रॅम असते. लहान आतड्याच्या अस्तरावरचं लॅक्टेज नावाचं विकर (एन्झाइम) तिचे ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज असे दोन तुकडे करतं, मगच ती रक्तात शिरते. लहानपण सरलं की जगातल्या बहुसंख्य माणसांत हे विकर कमी होत जातं. त्यात आजार असा काही नाही. न तुटलेली साखर आतड्यात पाणी ओढून घेते आणि मोठ्या आतड्यात पोचते. तिथले जीवाणू ती आंबवतात, त्यातून हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि काहींच्या पोटात मिथेनही तयार होतो. तास-दोन तासांत पोट फुगतं, गुडगुडतं, कळ येते, जुलाब होतात. यातला थोडा हायड्रोजन रक्तातून फुप्फुसांत येतो, म्हणून निदानासाठी लॅक्टोज पाजून श्वासातला हायड्रोजन मोजतात. आतड्यातल्या जीवाणूंची हालचाल श्वासात पकडता येते, हे मला फार विलक्षण वाटतं.

दही चालतं तेही जीवाणूंमुळेच. विरजणातले जीवाणू थोड्या लॅक्टोजचं लॅक्टिक आम्ल करून टाकतात. शिवाय त्यांचं स्वतःचं विकर दह्याबरोबर पोटात जातं आणि उरलेली साखर लहान आतड्यात तोडायला मदत करतं. कढी उकळली की हा दुसरा फायदा जातो. तुपात लॅक्टोज जवळजवळ नसतंच. बऱ्याच जणांना जेवणाबरोबर थोडं दूधही सोसतं. अशांनी घाबरून सगळं दूधदुभतं सोडावं, हे मला पटत नाही.

ॲलर्जीत साखरेचा संबंधच नाही. इथे रोगप्रतिकारशक्ती दुधातल्या प्रथिनांवर, केसीनवर किंवा बीटा-लॅक्टोग्लोब्युलिनवर, उलटते. नेहमीच्या प्रकारात आयजीई नावाची प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) मास्ट पेशी या रोगप्रतिकारशक्तीच्याच पेशींवर आधीच बसलेली असतात. प्रथिन त्यांना भिडलं की पेशी हिस्टामिन हे सूज आणि खाज आणणारं रसायन सोडतात. बहुतेक वेळा काही मिनिटांतच अंगावर गांधी उठतात, ओठ-पापण्या सुजतात, उलटी होते. झटका मोठा असेल तर घसा आवळतो, धाप लागते, रक्तदाब कोसळतो. हा त्रास मुख्यतः लहान मुलांत दिसतो आणि अनेकांचा वाढत्या वयात जातो.

इथे थोडंसं चालेल हा हिशोब लागू पडत नाही. श्रीखंडात, पेढ्यात, लॅक्टोज काढलेल्या दुधातही प्रथिन असतंच. उकळून केसीन जात नाही. बकरीच्या आणि म्हशीच्या दुधातली प्रथिनं गाईच्या दुधातल्यांशी इतकी मिळतीजुळती असतात की बदल करून सहसा उपयोग होत नाही. आजी मायेने म्हणते, “दूध नको ना बाळा, मग दही खा, घरचं आहे.” दूध न पचणाऱ्या नातवासाठी हा सल्ला अगदी योग्य, ॲलर्जीच्या नातवासाठी जिवावर बेतणारा. गांधी उठल्या आणि सोबत श्वास अडकू लागला, तर पित्त उठलं म्हणून आमसुलाचं पाणी लावत बसू नये. मांडीत ॲड्रेनालिनचं इंजेक्शन हाच तेव्हाचा उपाय, त्यासाठी तडक दवाखाना गाठायचा.

लहान मुलांत आणखी एक गोंधळ होतो. जुलाबांच्या आजारातून उठलेल्या मुलाला दूध दिलं की पुन्हा पातळ होतं आणि घरात ॲलर्जीची चर्चा सुरू होते. संसर्गाने आतड्याचं अस्तर आणि त्यावरचं लॅक्टेज तात्पुरतं झिजलेलं असू शकतं. बहुधा काही आठवड्यांत अस्तर भरून येतं आणि दूध पुन्हा पचू लागतं. तान्हं मूल असेल तर या काळातही अंगावरचं दूध चालूच ठेवायचं.