डॅशहुंड: बिळाच्या मापाचा कुत्रा

डॅशहुंड दिसला की आधी हसू येतं. धड लांबलचक, त्याखाली वीतभरसुद्धा नसलेले पाय. पण हे ध्यान कुणी गंमत म्हणून घडवलेलं नाही. जर्मन भाषेत ‘डाक्स’ म्हणजे बॅजर, जमिनीत बीळ खणून राहणारा एक रानटी प्राणी, आणि ‘हुंड’ म्हणजे कुत्रा. बॅजरच्या मागोमाग थेट त्याच्या बिळात शिरायचं, हे याचं काम. जर्मन शिकारी त्याला ‘टेकेल’ म्हणतात. 1888 साली स्थापन झालेल्या या जातीच्या जर्मन क्लबच्या नावातही हाच शब्द आहे.

बॅजर दहा-बारा किलोचा, नखांनी आणि दातांनी भारी. अंधाऱ्या बोगद्यात त्याच्याशी गाठ पडते तेव्हा शिकारी वर जमिनीवर असतो. त्याची खूण दिसत नाही, हुकूम पोचत नाही. काय करायचं ते कुत्र्यानंच ठरवायचं. आज घरोघरी ज्या हट्टीपणाला नावं ठेवली जातात, तो मुळात असा मुद्दाम जोपासलेला गुण. आवाजाचंही तेच. एवढ्याशा जिवाचं भुंकणं खणखणीत, कारण कुठे खणायचं ते शिकारी त्यावरूनच ओळखत.

मापाची तऱ्हा तर मला सगळ्यात आवडते. इतर कुत्र्यांची उंची नाहीतर वजन बघतात. जर्मनीत डॅशहुंडच्या छातीभोवती टेप धरतात. सशाच्या बिळात जाणारा प्रकार सगळ्यात लहान, छातीचा घेर 30 सेंटिमीटरच्या आसपास. छातीच अडकली, तर हलक्या वजनाचा उपयोग काय? केसांवरूनही तीन प्रकार पडतात: आखूड, लांब आणि राठ. राठ केस काटेरी झुडपांत अंग सांभाळतात. जखमी हरणाचा रक्ताच्या वासावरून माग काढायलाही हा कुत्रा नेतात.

पहिल्या महायुद्धात ब्रिटन-अमेरिकेत ‘जर्मन’ म्हणून त्याच्याकडे वाकड्या नजरेनं पाहिलं गेलं. 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकचं शुभचिन्ह मात्र ‘वाल्डी’ नावाचा डॅशहुंडच होता.

आखूड पायांचं कारण 2009 मध्ये कळलं: एफजीएफ4 या जनुकाची एक जादा प्रत. 2017 मध्ये अशीच आणखी एक प्रत सापडली, ती पाठीच्या दुखण्याशी जोडलेली. म्हणजे दोष नुसत्या लांबीचा नाही. मणक्यांमधल्या चकत्याच लवकर कडक होतात आणि एखाद्या उडीनं सरकतात. म्हणून त्याला उचलताना एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली, आणि पाठ आडवी.