माशाचा डोळा सुजला? औषधाआधी पाणी तपासा

आमच्या शोभेच्या माशांच्या दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांचा पहिला प्रश्न असतो, ‘निळं औषध (मिथिलीन ब्लू) आहे?’ आहे, पण लगेच देत नाही. त्या निळ्या औषधाने फिल्टरमधले उपयोगी जिवाणूही मरतात, पाणी आणखी बिघडतं आणि डोळा तसाच राहतो.

आधी नीट बघा: एकच डोळा की दोन्ही?

एकच डोळा फुगला असेल तर बहुधा मार लागलेला असतो. माशाला पापणी नसते. टोकदार दगड, प्लास्टिकची झाडं, जाळीत झालेली झटापट किंवा दुसऱ्या माशाने काढलेली खोड, यातलं काहीही डोळ्याला बाधतं. टोकदार वस्तू काढून टाका, मासा पकडायला जाळीऐवजी प्लास्टिकचा डबा वापरा. पाणी स्वच्छ असेल तर बरेचदा एवढ्याने भागतं.

दोन्ही डोळे फुगले किंवा त्यांवर दुधासारखी साय आली, तर संशय पाण्यावर घ्या. अमोनिया आणि नायट्राइट (माशांच्या घाणीतून आणि कुजलेल्या खाण्यातून पाण्यात तयार होणारी विषं) शून्य हवेत. फुगलेल्या डोळ्यांबरोबर पोट सुजून खवलं उभी राहिली असतील, तर आजार आत पोहोचला आहे. अशा वेळी पशुवैद्यांना विचारा, अंदाजाने अँटिबायोटिक टाकू नका.

ब्लॅक मूर गोल्डफिशचे डोळे मुळातच बाहेर आलेले असतात. त्यावर उपचार मागायला येऊ नका!

आपल्या गोव्यातलं पाणी

नळाचं पाणी ओपाचं असो की साळावलीचं, त्यात क्लोरीन असतो. अँटिक्लोरीन घाला किंवा पाणी उघड्या बादलीत दिवसभर ठेवा. विहिरीच्या पाण्यात क्लोरीन नसतो म्हणून लोक निर्धास्त असतात. पण चिऱ्याच्या जमिनीतलं पाणी बरेचदा मऊ (क्षार कमी असलेलं) आणि आम्लधर्मी, म्हणजे कमी पीएचचं असतं. टाकीत पीएच आणखी घसरला की डोळे धुरकट होतात. तिसऱ्यांच्या शिंपल्या उकळून, घासून फिल्टरमध्ये ठेवल्या तर पीएच हळूहळू सावरतो. जेवणातल्या उरलेल्या नकोत, मीठ-मसाला लागलेला असतो.

पावसात वीज गेली की फिल्टर बंद पडतो. बॅटरीवरचा एअर पंप घरात असू द्या. चवथीला गावी जाताना शेजाऱ्यांकडे खाण्याची अख्खी डबी देऊ नका. मोठा मासा दोन-तीन दिवस उपाशी राहिला तर काही होत नाही. कुजलेल्या खाण्याने मात्र अमोनिया चढतो.

घरी काय कराल

रोज पाव टाकी पाणी बदला, तळाचा गाळ सायफनने काढा. नवीन पाणी टाकीतल्या पाण्याइतकंच कोमट किंवा गार असावं. सूज असेल तर माशाला वेगळ्या टाकीत ठेवून 20 लिटरला एक सपाट चहाचा चमचा एप्सम मीठ विरघळवून घाला. जेवणातलं मीठ म्हणजे एप्सम मीठ नव्हे. एप्सम मीठ औषधांच्या दुकानात मिळतं. सूज उतरायला आठवडे लागू शकतात. डोळा गेलाच तरी मासा जगतो, अंगाच्या दोन्ही बाजूंना असलेल्या संवेदनशील रेषेने त्याला पाण्यातली हालचाल कळते. त्याला रोज एकाच कोपऱ्यात खाऊ घाला.

हाताला जखम असेल तर टाकीत हात घालताना हातमोजे घाला. माशांचा क्षयरोग कातडीला लागू शकतो.

दुकानात येताना आजारी मासा पिशवीत घालून आणू नका, त्याचे हाल होतात. स्वच्छ बाटलीत टाकीतलं अर्धा लिटर पाणी आणि डोळ्याचा समोरून व वरून काढलेला फोटो आणा.