श्वानदंश : प्रथमोपचार

पिसाळलेल्या किंवा तसा संशय असलेल्या कुत्र्याने चावा घेतल्यावर, रुग्ण दवाखान्यात पोहोचण्यापूर्वी जखमेवर करावयाची तातडीची उपाययोजना. मांजर, माकड, कोल्हा व मुंगूस यांच्या चाव्यांनाही ती लागू पडते.

जखम डागण्याची प्रथा प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात, म्हणजे विषचिकित्सेच्या भागात, ‘अलर्कविष’ या नावाने रेबीज हा पिसाळलेल्या प्राण्याच्या चाव्याने होणारा रोग येतो. दंशस्थानातून रक्त काढून ती जागा तापलेल्या तुपाने डागावी, असे तेथे सांगितले आहे. पाण्याच्या दर्शनाने वा नुसत्या आवाजाने भय वाटणे, म्हणजे ‘जलत्रास’, हे असाध्यतेचे लक्षण मानले आहे. संहितेचा काळ काही अभ्यासक इ. स. पू. सहाव्या शतकापर्यंत मागे नेतात, तर काहींच्या मते तो इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतला आहे. उपलब्ध पाठावर नंतरचे संस्कार झालेले असल्याने दुसरे मत अधिक सावध वाटते. रोमन ग्रंथकार केल्सस (इ. स. पहिले शतक) यानेही डागण्याचा उपाय सांगितला आहे, मात्र एवढ्यावरून एका परंपरेने तो दुसरीकडून घेतला, असे म्हणता येत नाही.

विसाव्या शतकापर्यंत डागण्यासाठी तीव्र नायट्रिक आम्लही वापरले जाई. १९४० च्या दशकात गिनीपिगांवर झालेल्या प्रयोगांत साबणाच्या द्रावणाचा उपयोग दिसून आल्यानंतर हा उपाय मागे पडत गेला. रेबीजच्या विषाणूला मेदयुक्त आवरण असते व साबणाने ते फुटते. शिवाय विषाणू मज्जातंतूंत शिरण्यापूर्वी बहुधा काही काळ जखमेच्या परिसरातच राहतो, म्हणून धुण्याला महत्त्व आहे. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली निदान १५ मिनिटे धुवावी व मग पोव्हिडोन आयोडिनसारखे जंतुनाशक लावावे. हळद, चुना, तिखट लावू नये.

टाके शक्यतो घालत नाहीत. घालावेच लागले, तर जखमेत व तिच्या भोवती इम्युनोग्लोब्युलिन (विषाणूविरोधी तयार प्रतिपिंडे) टोचल्यानंतर आणि सैलसर घालतात. लस मात्र प्रत्येक संशयित चाव्यानंतर आवश्यक असते, मग जखम कितीही स्वच्छ धुतलेली असो. जुन्या पिढीच्या आठवणीतली ‘पोटातली चौदा इंजेक्शने’ ही कसौली येथे डेव्हिड सेंपल याने १९११ मध्ये तयार केलेल्या, मेंढीच्या मेंदूतील ऊतीपासूनच्या लशीची होती. आजच्या पेशीसंवर्धित (प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींत तयार केलेल्या) लशी दंडात किंवा त्वचेत टोचतात.